दाजींच्या भट्टीतले दाणे

आमच्या कारखान्यात सगळे त्यांना दाजी म्हणतात. खरं तर दाजी ते माझ्या एकटीचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मी इथल्या तपासणीच्या खोलीत कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी जिन्यावरून "अहो दाजी, डबा घरीच विसरलात!" अशी आरोळी ठोकली, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचेच दाजी झाले. मालकीणबाई त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, तरी त्याही दाजीच म्हणतात. ताईला हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती.

आम्ही बँडची पितळी वाद्यं बनवतो. कर्ण्याचं ते फुलासारखं उघडलेलं तोंड असतं ना, त्यातच आमची सगळी मेहनत. पितळेचा पत्रा साच्याला लावून लेथवर गरगर फिरवायचा आणि लांब दांड्याच्या हत्याराने दाबत दाबत साच्यावर बसवायचा, हे फिरकीवाल्याचं काम. पितळ मात्र हट्टी. जितकं दाबाल तितकं कडक होत जातं, आणि तरी दाबत राहिलात तर सरळ फाटतं. म्हणून मधेमधे ते दाजींकडे जातं. दाजी ते गॅसच्या ज्योतीवर लाल करतात, निवू देतात, आणि मग तेच पितळ शहाण्या मुलासारखं मऊ होऊन परत येतं. एका तोंडाला असं तीनदा.

लाल करतात म्हणायला सोपं. किती लाल, हाच तर सगळा प्रश्न. उजेडात तो रंग फसवतो, म्हणून दाजींच्या कोपऱ्याला काळा जाड पडदा आहे. पडद्याआड दाजी, ज्योत आणि पितळ. चौतीस वर्षं त्यांनी नुसत्या डोळ्याने रंग ओळखला. मालकीणबाईंनी मध्यंतरी तापमान दाखवणारं मीटर आणून बसवलं, तर दाजींनी दोन दिवसांत त्यावर फडकं टाकलं. "आकड्यांनी पितळ भाजतात होय?" असं म्हणाले. आम्ही सगळे हसलो. म्हातारा हेकट आहे, एवढंच आम्हाला वाटलं.

आता माझं काम सांगते. भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर त्याच पत्र्याचा एक कापलेला तुकडा जातो. तो मी राळेच्या वडीत बसवते, आरशासारखा होईपर्यंत घासते, त्यावर धातू किंचित खाणाऱ्या औषधाचा बोळा फिरवते आणि मायक्रोस्कोपखाली धरते. तुम्हाला वाटतं पितळ म्हणजे सगळा एकसंध पत्रा. छे! आत नुसते दाणे असतात, एकाला एक चिकटून बसलेले. प्रत्येक दाण्यात अणू रांगेत असतात, पण शेजारच्या दाण्याची रांग वेगळ्या दिशेला. दोघांच्या मधल्या रेघेला मी बांध म्हणते. शेताच्या बांधावर जशी कुरबूर चालते तशीच इथे. तिथे अणूंना धड ना इकडचं धड ना तिकडचं होऊन बसावं लागतं, म्हणून औषध आधी तिथेच चावतं आणि बांध काळे उमटतात.

सगळी गोम या बांधांत. पितळ वाकवलं की दाण्याच्या आत थरावर थर सरकतो, आणि बांध आला की अडतो. दाणे बारीक, म्हणजे बांध पुष्कळ, म्हणजे धातू दणकट आणि सगळीकडून सारखा वाकणारा. पण भट्टीत आच जास्त झाली की मोठा दाणा शेजारच्या लहानग्याला गिळतो. बांध कमी होतात. मग पत्रा ताणला की प्रत्येक मोठा दाणा आपल्याच तोऱ्यात वर-खाली होतो आणि वरून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. आम्ही म्हणतो, पत्र्याला साल आली. साल घासून काढायला जावं तर पत्रा पातळ होतो, आणि अंगठ्याने दाबलं तरी पोचा पडतो.

तर झालं असं, की एका शाळेच्या बँडसाठी चाळीस कर्ण्यांचं काम होतं, आणि त्यातल्या अकरा तोंडांना साल आली. फिरकीवाला तणतणत वर आला. "हे बघ! माझ्या हाताला दोष देऊ नकोस. पत्राच भिकार आहे." पत्रा पुरवणारा म्हणाला, आमचा पत्रा चोख आहे. मालकीणबाईंनी मला बोलावलं. "शुक्रवारपर्यंत मला लेखी कारण पाहिजे. तुला दिसेल तेच लिही. तुझ्याशिवाय ते कुणाला दिसत नाही."

मी नवा पत्रा तपासला. दाणे बारीक, अगदी नमुनेदार. मग भट्टीतून आलेले तुकडे काढले. हे एवढाले दाणे! मी उठले आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यासमोर जाऊन उभी राहिले. त्या तक्त्यावर दाण्यांच्या मापांची चित्रं आहेत, कुठलं चालेल आणि कुठलं नाही ते त्यावरून ठरतं. माझ्या तुकड्यातले दाणे चालणाऱ्या चित्राच्या तिप्पट होते.

मग मी माझे बिस्किटांचे डबे उघडले. जुनी प्रत्येक वडी मी जपून ठेवते, पाठीवर तारीख कोरून. दोन वर्षांच्या वड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकेक बघत गेले. दाणे आधी बारीक. मग किंचित मोठे. मग आणखी किंचित. कुठे उडी नाही, कुठे धक्का नाही. महिन्यामागून महिना सावकाश वाढत गेलेले. आणि प्रत्येक वडी मीच पास केलेली, माझ्याच सहीने.

कशी केली? लाज वाटते, पण सांगते. तक्ता होता समोरच्या भिंतीवर, कपाटाच्या वर. सारखं उठून कोण जाणार! म्हणून मी गेल्या आठवड्याची वडी शेजारी ठेवायची आणि नवी तिच्याशी ताडून बघायची. गेल्या वेळेसारखीच आहे ना? आहे. मग ठीक. मूल रोज डोळ्यांसमोर असलं की त्याची उंची वाढलेली आईला कळत नाही. माझं नेमकं तेच झालं.

स्वतःचा राग आला की मी तो दुसऱ्यावर काढते, हा माझा जुना स्वभाव. खाली जाऊन पडदा फर्रकन बाजूला केला. "दाजी, वर चला. आत्ताच्या आत्ता."

"अगं, ज्योत चालू आहे."

"बंद करा ती! दोन वर्षं पितळ जाळताय तुम्ही, एक तास नाही जाळलं तरी चालेल."

ज्योत बंद करून ते माझ्यामागून आले. जिना चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी पुढे तरातरा चालले होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. मीटरवर फडकं टाकता, कुणाचं ऐकत नाही, एवढा कसला तो हेका! खुर्ची ओढून त्यांना बसवलं, सगळ्यात वाईट वडी मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बघा. डोळे लावा आणि बघा, काय करून ठेवलंय ते."

दाजींनी डोळा लावला. बोटाने चकती थोडी फिरवली. बराच वेळ बघितलं.

"छान आहेत की," ते म्हणाले. "चांगले बारीक आहेत."

मी तोंड उघडलं, आणि माझी नजर बटणाकडे गेली. दोन वड्यांच्या मधे मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद करते, बल्ब टिकावा म्हणून. रागाच्या भरात लावायचा राहिला होता. दाजी मिट्ट काळोखात बघून मला दाणे बारीक आहेत म्हणून सांगत होते.

मी काही बोलले नाही. वडी काढून घेतली आणि म्हटलं, "बरं. जा तुम्ही."

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. पाठ माझ्याकडेच होती.

"दिवा बंद होता का गं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू गप्प बसलीस. एवढ्या वर्षांत तू कधी गप्प बसलेली मी पाहिली नाही."

मला एकदम रडू आलं. आणि रडू आलं की मी भांडते. "किती दिवस? किती दिवस झाले तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं गं. धुकट दिसतं. दोन वर्षं झाली असतील. पिवळट काचेतून बघितल्यासारखं." ते परत येऊन खुर्चीवर बसले. "रंग यायला वेळ लागतो असं वाटायचं. म्हणायचो, गॅसच कमी येत असेल. मग जरा जास्त वेळ धरायचो. मीटर लावून बघितलं, तर आकडेच वाचता येईनात. म्हणून टाकलं फडकं."

"आणि ताईला?"

"नाही सांगितलं. कुणालाच नाही." मग म्हणाले, "तुला ते गेटजवळचं स्टूल माहीत आहे ना?"

माहीत होतं. दाजींना ज्यांनी हे काम शिकवलं त्या उस्तादांचे डोळे असेच गेले, आयुष्यभर लाल पितळाकडे बघून बघून. त्यांना गेटजवळ एक स्टूल दिलं होतं. दिवसभर त्यावर बसायचे. येणाराजाणारा "काय उस्ताद, बरं आहे ना?" म्हणायचा, आणि ते आवाजावरून ओळखायचे. माणूस गेला, स्टूल राहिलं. आता गेटवाला त्यावर चपला काढून पाय ठेवतो.

"मला त्या स्टुलावर नाही बसायचं," दाजी म्हणाले. "शुक्रवारी तू पत्र्याचा दोष लिही. एकदाच. पुरवणारा दुसरा पत्रा पाठवेल, कुणाचं काही बिघडणार नाही. मी यापुढे आच कमी ठेवीन, अंदाजाने."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मालकीणबाई म्हणाल्याच होत्या, माझ्याशिवाय ते कुणाला दिसत नाही. पत्र्याचा दोष लिहिला असता तर दाजींची भट्टी वाचली असती, आणि माझ्या दोन वर्षांच्या सह्याही झाकल्या गेल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्यांना हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दाजी आंघोळीला गेलेले. ताई कपड्यांना इस्त्री करत होती. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, तशी ताई म्हणाली, "कळलं वाटतं तुला."

"तुला माहीत आहे?"

"चाळीस वर्षं रोज सकाळी हा माणूस मला पेपर वाचून दाखवायचा. गेल्या वर्षी म्हणायला लागला, हल्ली पेपरात काही नसतं. मी काय दुधखुळी आहे?" तिने इस्त्री उभी केली, दाजींचा कामाचा सदरा उचलला आणि उजवी बाही माझ्यापुढे धरली. मनगटाशी ठिगळ होतं. त्याच्यावर दुसरं. "ज्योत कुठे संपते ते दिसत नाही त्यांना. तीन वेळा बाही भाजली. मी शिवते, ते घालतात, दोघंही बोलत नाही. त्यांना वाटतं मला माहीत नाही, आणि मला वाटतं आपण बोललो की हा माणूस मोडेल."

"ताई, ते मला खोटं लिही म्हणाले."

ताईने सदऱ्याची घडी घातली. "डोळे गेले तर मी हात धरीन. हात भाजले तर काय धरू?"

मी गुरुवारी कागद लिहिला. पत्र्यात दोष नाही. भट्टीत आच जास्त लागते, दोन वर्षं हळूहळू वाढत गेली आहे. भट्टीवाल्याला कमी दिसतं. आणि शेवटी वेगळ्या ओळीवर: तक्त्याशी न ताडता मागच्या वडीशी ताडत गेले, ही माझी चूक. सही.

मालकीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला. "दोन वर्षं?"

"हो."

"तो तक्ता काढ आणि मायक्रोस्कोपच्या शेजारी लाव. आज. आणि दाजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने."

"आणि त्यांची भट्टी?"

"ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. मी तक्ता उतरवायला वर गेले.

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. निघेल. उस्तादांच्या वेळी कुणी त्यांना डॉक्टरकडे नेलंच नव्हतं, इतकं साधं होतं ते! आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. तेवढे सगळे दिवस दाजी माझ्याशी बोलले नाहीत. मी जेवण घेऊन गेले तर ताईला म्हणायचे, "तुझ्या बहिणीला सांग, मीठ कमी आहे." मी म्हणायचे, "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, जीभ तरी शाबूत आहे म्हणून." इकडे भट्टी फिरकीवाला सांभाळत होता, मीटर बघून, कपाळाला आठ्या घालून.

दाजी परत आले तेव्हा सगळे जमले होते. त्यांनी पडदा ओढला, ज्योत पेटवली, पहिलं तोंड लाल केलं. बाहेर आले तेव्हा चेहरा उजळला होता. "काय रंग आहे! मी विसरूनच गेलो होतो."

फिरकीवाल्याने ते साच्यावर चढवलं, हत्यार टेकवलं, दोन फेरे झाले नाहीत तोच फट्! कडेपासून बोटभर चीर गेली. दुसरं चढवलं, तेही फाटलं. मी फाटलेल्या कडेचा तुकडा कापून घेऊन वर पळाले. दाणे बघितले तर अजून जुनेच, दाबून लांबट झालेले. नवे बारीक दाणे कुठे कुठे उगवायला लागले होते आणि तेवढ्यात आच काढलेली. पितळ अर्धंकच्चं राहिलं होतं. माझ्या लक्षात आलं. डोळ्यावरचा पिवळट पडदा गेला, आता नव्या भिंगातून त्यांना सगळंच पूर्वीपेक्षाही झगझगीत दिसतंय. जरा लाली आली की त्यांना वाटतं, झालं. चौतीस वर्षांची ओळख गेली होती, ती आजाराने नव्हे, बरं झाल्याने.

मी खाली येऊन सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं, ज्योत बंद केली, सदरा बदलला आणि कुणाकडे न बघता घरी गेले. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. फाटलेली दोन्ही तोंडं त्यांनी उचलून बघितली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटमधून आत शिरले तर स्टूल जागेवर नव्हतं. गेटवाला भिंतीला टेकून उभा. "दाजी घेऊन गेले," तो म्हणाला. "पहाटेच आले होते."

 मी धावत भट्टीकडे गेले, पडदा सारला. ते स्टूल आत होतं, पुसून लख्ख केलेलं, मीटरच्या बरोबर समोर ठेवलेलं. मीटरवरचं फडकं दाजींच्या खांद्यावर होतं.

"बस," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"मी?"

"मग कोण? तू आकडा वाच, मी रंग बघतो. आता आकडा मलाही वाचता येतो, पण आकड्याकडे बघत बसलो तर रंग कधी शिकणार? नव्याने शिकायचंय सगळं."

"आणि वरचं माझं काम?"

"ते जेवणानंतर कर. सकाळी तुझं तोंड इथे चालव. नाहीतरी चालतंच."

मी बसले. दाजींनी ज्योत लावली. मी आकडे वाचत गेले, पाचशे, पाचशे वीस, पन्नास. ते त्या लालीकडे एकटक बघत होते, कपाळावर घाम, ओठ हलताहेत. सहाशेला मी म्हटलं, "आलं!" आणि त्यांनी ज्योत बाजूला घेतली. "हा होय," ते हळूच म्हणाले. "हा रंग." एकसष्टाव्या वर्षी माणूस पाटी पेन्सिल घेऊन बसला होता, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काहीतरी टोमणा मारल्याशिवाय राहवेना. "लवकर शिका, मला पाठ दुखते."

तीन आठवडे असं चाललं. मग एक दिवस मी "पाचशे नव्वद" म्हणायच्या आत ते म्हणाले, "थांब, वाचू नकोस," आणि मनाशी दोनतीन अंक मोजून ज्योत काढली. मी मीटरकडे बघितलं. सहाशे दोन.

त्या खेपेचा तुकडा मी घासला, औषध लावलं, शेजारच्या तक्त्याशी ताडला. एकदा नाही, चारदा. मग दाजींना वर बोलावलं. या वेळी ते कठडा न धरता आले. खुर्चीवर बसले, पण डोळा लावायच्या आधी त्यांनी हात पुढे करून दिव्यावर तळवा धरला. ऊब लागली तेव्हाच वाकले.

बराच वेळ बघत राहिले. "एवढे बांध असतात?" ते म्हणाले. "तू रोज हे बघतेस?"

"रोज."

"आणि मी चौतीस वर्षं ते न बघता करत होतो." त्यांनी वर बघितलं. डोळे पाणावले होते, पण स्वच्छ होते. "तू तो कागद लिहिलास त्याचा मला फार राग आला होता."

"माहीत आहे. मीठ कमी होतं."

"मीठ बरोबर होतं," दाजी म्हणाले.

आता भट्टीवर दाजीच आहेत; ती वडी बघून मालकीणबाईंनीच तसं सांगितलं. मीटर उघडं असतं. ते आधी रंगावरून बोलतात आणि मग आकडा बघून खात्री करतात. मी सकाळी पाचदहा मिनिटं जाऊन बसते, काम नसलं तरी. गेटवाल्याने स्टूल दोनदा परत मागितलं. दाजींनी दिलं नाही.